आसारामअण्णांची काळी तीन

बेस गिटार म्हणजे दोन तारा तुटलेली गिटार, असं म्हणणाऱ्या माणसाला मी दुकानात पाणीसुद्धा विचारत नाही. रोज एक तरी येतो असला. माझी बायको चांदबी म्हणते, तुमच्या तोंडापायी गिऱ्हाईक पळतं. पळू दे. ज्याला बेस ऐकू येत नाही त्यानं डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून छाती हादरवून घ्यावी, माझं डोकं खाऊ नये.

मी हैदर. नगरात माळीवाड्याच्या अंगाला माझं दुकान आहे. बोर्डावर पेटी, ढोलकी, कीबोर्ड सगळं रंगवलंय, पण घर चालतं ते बेसवर. जिल्ह्यात कुठला ऑर्केस्ट्रा मोडला की पहिला फोन मला येतो, आणि हल्ली मोडण्याचाच हंगाम आहे. लग्नाला डीजे, यात्रेला डीजे, आता बारशालासुद्धा डीजे! मोडलेल्या पार्टीचा बेस मी विकत घेतो. एकाची मान दुसऱ्याच्या धडाला बसवतो, आतल्या वायरी काढून नव्या टाकतो, तारा बदलतो आणि गिऱ्हाईकाचा हात बघून विकतो. हात बघून म्हणजे खरंच हात बघून. आखूड बोटाच्या माणसाला लांब मानेचा बेस दिला तर तो दोन महिन्यांत मनगट धरून परत येतो आणि शिव्या मला घालतो.

रविराजचा बेस असाच जमवलेला होता. धड श्रीगोंद्याच्या एका मोडलेल्या पार्टीचं, मान दुसरीकडची. रंग काळा, कारण त्याच्या बापाला काळाच पाहिजे होता.

बाप म्हणजे आसारामअण्णा. पाथर्डीकडचे. ऑर्केस्ट्रा त्यांच्या मालकीचा आणि मुख्य गाणारेही तेच. त्यांची पट्टी काळी तीन. म्हणजे पेटीवर जी तिसरी काळी पट्टी असते, तिथं त्यांचा सा. बाप्याच्या गळ्याला ही फार उंच. चांगल्या चांगल्यांची तिथं बोबडी वळते. अण्णा तिथून सुरुवात करायचे आणि वर चढत जायचे, आणि खाली बसलेली माणसं हातातला चिवडा तसाच धरून वर बघत राहायची. मी स्वतः बघितलंय.

त्यांची एक रीत होती. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ते रविराजजवळ जायचे, त्याच्या गळ्यातल्या बेसची सगळ्यात जाडी तार आपल्या अंगठ्यानं छेडायचे, डोळे मिटायचे आणि तिथून सा धरायचे. कीबोर्डवर त्यांचा विश्वास नव्हता. "त्या खोक्याचं काय खरं हाय? बटान दाबलं की कुनाच्या बी बाजूनं बोलतंय," असं म्हणायचे. तार मात्र खोटं बोलत नाही अशी त्यांची खात्री होती. म्हणून मी रविराजच्या बेसची जाडी तार ओढून काळी तीनला लावून दिली होती. अशी घट्ट की छेडली की टण्ण वाजायची.

मग अण्णांचा गळा बसायला लागला. वय झालं होतं, त्यात यात्रांची धूळ आणि तंबाखू. नगरच्या डॉक्टरनं आत दुर्बीण घालून बघितलं आणि सांगितलं, वरचं गाऊ नका, जरा खाली गा, बरीच वर्षं गाल. हे ऐकून अण्णा डॉक्टरवरच खेकसले. त्यांनी कधीकाळी भर यात्रेत माईकवर शब्द टाकला होता, ज्या दिवशी काळी तीन सुटंल त्या दिवशी आसाराम स्टेज सोडंल. आणि हा माणूस बोलला की बोलला. बायको आधीच गेलेली, शेत भावाकडं. गाणं सोडून दुसरं काही करताना मी त्यांना पाहिलंच नाही. स्टेज सोडलं असतं तर ते ओट्यावर बसून वर्षभरात संपले असते, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

सगळ्यात जास्त रविराजला. तो एक दिवस एकटाच दुकानात आला, बेस टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "चाचा, हा सगळाच्या सगळा अर्धा स्वर खाली घ्यायचा. पण वरून बघताना तसाच दिसला पायजे."

"का रे? पाथर्डीत हवा पातळ झाली का?"

तो हसला नाही. "बाबांना कळू न देता खाली आणायचंय. एकदम न्हाई, हळूहळू. या हंगामाला अर्धा, पुढच्या हंगामाला अजून अर्धा. आपला कीबोर्डवाला अंगद बटण दाबून खाली घेईल, त्याला सांगितलंय. बाबा सा तुमच्या ह्या तारेवरून धरतात. तार खाली आली की बाबा आपोआप खाली येतील."

मी हिशेब लावला. चारही तारा सारख्याच उतरवल्या की बोटं होती तिथंच पडतात, बघणाऱ्याला काही फरक दिसत नाही. आणि गाणाऱ्याला तरी कुठं कळतं? सा म्हणजे काय, जिथं चूल मांडली तिथं घर. पोराचं डोकं चाललं होतं खरं.

"बेस ढिला वाजेल बरं का," मी म्हणालो. "तार उतरली की तिची ताकद जाते. मानेवर आपटून खरखर करेल."

"वाजू द्या."

"कुणाला सांगू नको म्हणतोस?"

"तुमच्या तोंडून तरी नको, चाचा."

मी जबान दिली. आणि कामाला लागलो.

दर हंगामाला तो यायचा आणि मी बेस अर्धा स्वर उतरवायचो. काळी तीनवरून पांढरी चार, मग पांढरी तीन, मग काळी दोन, शेवटी पांढरी दोन. खरखर कमी व्हावी म्हणून तारा मानेपासून उचलून ठेवल्या. थोड्या जाड तारा घातल्या, पण फार जाड घालता येईनात, अण्णांच्या अंगठ्याला कळलं असतं. उचललेली तार दाबायला जोर लागतो. रविराजच्या डाव्या हाताची बोटं बैलाच्या खांद्यासारखी घट्टे पडून कडक झाली. आणि एवढं करूनही मुळातला ढिलेपणा जातोय कुठं? बेस भद्द वाजायचा. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा.

अण्णांचा गळा मात्र मोकळा झाला. लोक म्हणायला लागले, म्हातारा परत तरणा झाला! अण्णा मिशीवर हात फिरवून सांगायचे, "डाक्टर म्हनला हुता गळा गेला. घ्या, काळी तीनमदी गातोय!"

आणि त्याच तोंडानं पोराला झोडायचे. चार लोकांत, माईकवर. "आमच्या चिरंजीवांच्या हातात काय दम न्हाई, मंडळी. भाकरी खाऊन बी बेस उपाशी वाजवत्यात." लोक हसायचे. रविराजही हसायचा. एकदा माझ्या दुकानात, त्याच्यादेखत मला म्हणाले, "हैदरभाई, ह्याला तुमीच कायतरी शिकवा. आधी बरा वाजवायचा. आता लई ढिला पडलाय. दिवसभर मोबाईल, दुसरं काय!"

माझं डोकं सणकलं. जीभ अगदी दातांपर्यंत आली होती. रविराजनं माझ्याकडं बघितलं आणि मी ती परत गिळली. चहा मागवला. अण्णांच्या कपात मी मुद्दाम साखर कमी टाकायला सांगितली, एवढाच माझा सूड.

गेल्या माघात रविराज गेला. यात्रेचा कार्यक्रम उरकून पार्टीची जीप परत येत होती. उसाची ट्रॉली रस्त्यात उभी, मागं ना दिवा ना लाल कापड. तो पुढं बसला होता. बाकीच्यांना खरचटलं, तो जागेवर गेला. बेस जीपच्या मागच्या हौद्यात होता, त्याला ओरखडासुद्धा नाही. मातीला गेलो तेव्हा अण्णा माझ्या गळ्यात पडले नाहीत की रडले नाहीत. नुसते बघत होते.

त्यांनी गाणं बंद केलं. पार्टी मोडली. मी फोन केला तर म्हणायचे, "पोराबिगर कुनाच्या तारंवरनं सा घिऊ?"

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा त्यांचाच फोन आला. म्हणाले, सूनबाईचं म्हणणं आहे, घरातल्या कोपऱ्यात ती काळी वस्तू दिसली की तिला भाकरी गोड लागत नाही. श्राद्धाच्या आत ती कुणाच्या तरी कामाला लागावी. "पर इकत घेनारा वाजवनारा पायजे. शोभंला लावनारा नगं. आन् पोराची वस्तू जशी हुती तशी जाऊ द्या. काळी तीनला लावून ठिवा."

गिऱ्हाईक माझ्याकडं होतं. राहात्याची स्नेहल. कॉलेजात जाते, मैत्रिणींबरोबर बँड काढलाय. पोरीचा हात बघितला, या मानेला अगदी बरोबर. तिला शनिवारी बोलावलं. अण्णांनी बेस आदल्या दिवशी एसटीनं पाठवून दिला.

आणि इथं माझी अक्कल चरायला गेली. आमच्या धंद्याचा नियम आहे, वस्तू नव्या हातात देताना चोख करून द्यायची. मी जुन्या तारा काढल्या, नव्या घातल्या. उचलून ठेवलेल्या तारा मानेजवळ खाली बसवल्या, पोरीला दाबायला सोप्या जाव्यात म्हणून. आणि मालकानं सांगितलं तसं काळी तीनला लावून ठेवलं. खऱ्या काळी तीनला. हात आपला सवयीनं काम करत गेला. अण्णा आता गात नाहीत, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पुढचं काही सुचलंच नाही.

शनिवारी दुपारी अण्णा आले. वाळले होते. टोपी नवी घातली होती, पोराची वस्तू द्यायची म्हणून असेल. स्नेहल उठून पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बोटं दुखत्यात का वाजवून?"

"दुखतात, आजोबा."

"मग वाजवनारी हायेस."

मग ते स्पीकरला जोडून ठेवलेल्या बेसजवळ गेले. सवयीनं अंगठा जाड्या तारेवर गेला. टण्ण! सगळं दुकान भरून वाजलं.

"वा रं वा!" अण्णांचा चेहरा एकदम उजळला. "काय वाजती, हैदरभाई! माझ्या पोराच्या हातात शेवटी शेवटी अशी कवा वाजली न्हाई."

मी काही बोलायच्या आत त्यांनी डोळे मिटले. "एकडाव सा लावतो. मग न्या." आणि गायला तोंड उघडलं.

आता कळलं मी काय करून ठेवलंय, पण थांबवायचं कसं? सा कसाबसा लागला. वरच्या स्वराला गेले आणि गळा चरचर फाटला. त्यांनी खाकरून परत सुरुवात केली. परत फाटला. तिसऱ्यांदा नुसती हवाच निघाली. अण्णा स्टुलावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गेला," ते म्हणाले. "पोरासंगं गळा बी गेला. बरं झालं. ठिवून तरी काय करायचा हुता."

मी कठीण काळजाचा माणूस आहे असं चांदबी म्हणते. खोटं आहे. मला ते बघवेना. रविराजनं एवढी वर्षं जे जपलं ते मी एका दुपारी तारा बदलून मोडून टाकलं होतं. मी बेस उचलला आणि बडबड सुरू केली, "अण्णा, नव्या तारा आहेत, अजून बसल्या नाहीत, नव्या तारेवर कुणाचाही गळा लागत नाही." तळव्यानं तारा दाबून धरल्या, आवाज फार होऊ दिला नाही आणि खुंट्या फिरवून चारही तारा पार पांढरी दोनला उतरवल्या. स्नेहल बघत होती. तिनं सूर दाखवणारा मोबाईल हातात धरला होता, त्याच्यावर सगळं दिसलं असणार. मी डोळे वटारले. पोरीनं मोबाईल खिशात घातला. शहाणी.

"आता लावा बरं सा," मी म्हणालो. "माझ्या शब्दाखातर एकदा."

त्यांचं मन नव्हतं. तरी अंगठा टेकवला, सा धरला आणि गळा लागला. गोल, भरलेला. वर गेले, तिथंही लागला. अण्णांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. "वाजीव पोरी, संगं वाजीव," ते म्हणाले. स्नेहलनं बेस गळ्यात घातला आणि त्यांच्यामागून वाजवायला लागली. नव्या तारा, खाली बसवलेल्या, आणि त्यात एवढ्या उतरवलेल्या. प्रत्येक ठोक्याला मानेवर आपटून खर्र, भद्द, खर्र.

अण्णा गाता गाता थांबले.

"काय झालं, आजोबा? चुकलं का माझं?"

"न्हाई. परत वाजीव. येकटीच."

तिनं वाजवलं. अण्णा मान वाकडी करून ऐकत होते. मग माझ्याकडं वळले. "हैदरभाई, मघाशी हुती तिथं घ्या तार."

"कशाला अण्णा, आता..."

"घ्या म्हनतो ना!"

मी घेतली. त्यांनी छेडली. टण्ण. "आता उतरवा." उतरवली. छेडली. भद्द. त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला.

"टण्ण वाजत हुती तवा गळा फाटला," ते हळूहळू म्हणाले. "ढिली वाजती तवा गळा लागतोय. आन् पोराचा बेस तर बारा महिने ढिला वाजायचा."

बाहेर रिक्षावाला कुणावर तरी ओरडत होता.

"कवापासनं, हैदरभाई?"

मी जबान दिली होती. मी खाली बघितलं. आता खाली बघणं म्हणजेही सांगणंच झालं, पण माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

अण्णा रडले नाहीत. "म्या त्याला माईकवर... मंडळी हसायची, हैदरभाई. त्याची बायकू म्होरं बसलेली आसायची." मग एकदम माझा हात धरला. "खरं सांगा. त्याला राग यायचा का ओ?"

खोटं बोलणं सोपं होतं. नाही अण्णा, कधीच नाही, देवमाणूस होता, असं काहीतरी. पण त्या बापलेकाच्या मधोमध आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं खोट्याचंच खाल्लं होतं. मला वाटलं, पोराची एक तरी खरी गोष्ट बापाच्या हातात पडू दे.

"यायचा," मी म्हणालो. "लई यायचा. तो जायच्या आधीच्या दिवाळीला इथंच, ह्याच स्टुलावर बसून रडला. म्हणाला, चाचा, माझे हात तुटायला आलेत आणि बाबा मला ढिला म्हणतात. आज घरी जाऊन सांगून टाकतो."

"मग?"

"मग चहा प्यायला. तोंड धुतलं. म्हणाला, राहू द्या, परवा मढीला कार्यक्रम आहे, बाबा खुशीत आहेत."

अण्णांनी माझा हात सोडला नाही. "सांगितलं आसतं तर म्या गानं सोडलं आसतं," ते म्हणाले. "सोडलंच आसतं. काय बिघडलं आसतं? पोराला बरा वाजवतो म्हनायला तरी मोकळा झालो आसतो."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. स्नेहलला म्हणाले, "वाजीव. त्योच सूर ठिव. उतरलेलाच."

पोरगी घाबरली होती, तरी वाजवत राहिली. अण्णा गायले नाहीत. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून ऐकत बसले. तिनं थांबून बघितलं तेव्हा ते म्हणाले, "चांगलं वाजवलंस."

ती थँक्यू म्हणायला गेली, पण अण्णांचे डोळे मिटलेलेच होते.

"लई चांगलं वाजवलंस बाळा," ते परत म्हणाले. "लई चांगलं. माझंच चुकलं." आणि मग त्यांना रडू फुटलं.

स्नेहलनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली, तशी ती पुन्हा वाजवायला लागली.